न हलणारा माल

३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. रामदासपेठेत पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतावर हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे, हा आकडा त्याचा. सोनेगावच्या केंद्राने त्याच दिवशी ५४ दाखवले. देशभरच्या वाहिन्यांवर नागपूर झळकलं. उन्हाच्या बाबतीत एरवी कुणाला न बधणारे नागपूरकरही त्या दिवशी जरा चपापले. मग हवामान खात्याचा खुलासा आला: सेन्सर बिघडले होते, आकडे धरू नका. शहराचा खरा उच्चांक २३ मे २०१३चा, ४७.९ अंशांचा. तो जागचा हलला नाही.

ऊन मोजणारं यंत्रच भर मे महिन्यात चुकलं याची बाकीच्यांना गंमत वाटली. कारखान्यांच्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यात नोकरी करणाऱ्यांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. मे महिना हा त्यांचा हंगाम. पॅनेलमधले पंखे अडकतात, पॉवर सप्लाय बसतात, मोटारींचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह तापून ट्रिप होतात आणि रात्री दोनला कुणाला तरी स्टोअरची किल्ली शोधत फिरावं लागतं. किल्ली मिळते. बिन कार्डावर ‘शिल्लक १’ असं लिहिलेलंही असतं. रॅकवरून खोका निघतो, बारा वर्षांपूर्वीचं सील फुटतं, कोरं करकरीत इलेक्ट्रॉनिक कार्ड पॅनेलमध्ये बसतं. आणि दिवा लागत नाही.

न वापरलेली वस्तू बिघडली कशी, असा प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये चढ्या आवाजात विचारला जातो. त्या खोक्याने ती बारा वर्षं कुठे आणि कशी काढली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

बाहेरच्यांना नागपूर म्हटलं की संत्री आणि हिवाळी अधिवेशन आठवतं. पण शहराभोवती एक चक्कर मारली तर उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्या दिसतात, दक्षिणेला बुटीबोरीची औद्योगिक वसाहत, पश्चिमेला हिंगणा, वायव्येला कळमेश्वर. वीज, पॉलिएस्टरचा धागा, टायर, ट्रॅक्टर, रंगीत पोलादी पत्रा असं बरंच काही या कड्यात तयार होतं, आणि त्यातलं बरंचसं रात्रंदिवस, न थांबता. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. आज तिथे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. खापरखेड्यात २१०चे चार आणि ५००चा एक. ६६० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर असताना बंद पडला, तर तासाला ६ लाख ६० हजार युनिट वीज कमी होते. तो थंड झाला तर पुन्हा पूर्ण भारावर यायला कित्येक तास जातात, आणि भट्टी पेटवायला तेल जाळावं लागतं ते वेगळं.

एवढा डोलारा ज्या कार्डांवर चालतो ती हातभर लांबीचीही नसतात. वाफेचं तापमान, भट्टीतला दाब, पंख्याच्या बेअरिंगचं कंपन हे सगळं तारेवरून ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहाच्या रूपात येतं आणि कार्ड त्याचा आकडा करतं. मोजणी शून्याऐवजी चारपासून का? तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो. चारच्या खाली काही आलं की माप कमी झालेलं नाही, तारच गेली, हे लगेच कळतं. ज्यांनी हे पहिल्यांदा ठरवलं त्यांची हुशारी मला फार आवडते.

आपल्याकडची स्टोअर्स मात्र लोखंडासाठी बांधली गेली. बेअरिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, पंपाचे शाफ्ट. ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलं की लोखंड दहा वर्षं गप्प पडून राहतं. इलेक्ट्रॉनिक्स मागून आलं, आणि त्याला त्याच शेडमधला एक कोपरा मिळाला. बहुतेक ठिकाणी सगळ्यात वरचा कप्पा, कारण जड माल खाली ठेवायचा आणि हलका वर, ही स्टोअरची शिस्त. पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यात गरम जागा तीच.

कार्डावर किंवा ड्राइव्हमध्ये ॲल्युमिनियमचे छोटे डबे उभे असतात, ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आत ॲल्युमिनियमची पत्री, तिच्यावर ऑक्साइडचा थर आणि ओलं इलेक्ट्रोलाइट. थराची जाडी दर व्होल्टमागे साधारण दीड नॅनोमीटर. हा थर विजेनेच घडवलेला असतो आणि वीज मिळत राहिली की आपली डागडुजी आपणच करतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो जागोजागी कच्चा पडतो. अशा कपॅसिटरला एखाद्या रात्री घाईघाईने पूर्ण व्होल्टेज दिलं, की आतून गळणारा प्रवाह वाढतो, डबा तापतो, आत वायू साठतो आणि टोपी फुगते. कधी फुटतेही. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या पोटात एसीचं डीसी झाल्यावर साडेपाचशेच्या वर व्होल्ट असतात; तिथे हा प्रकार झाला तर आवाज शेजारच्या शेडमध्ये जातो. म्हणून बहुतेक ड्राइव्ह कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं, की फार दिवस पडून राहिलेला ड्राइव्ह थेट लाइनवर घेऊ नका, आधी कपॅसिटर रिफॉर्म करा. काहींच्या लेखी फार दिवस म्हणजे एकच वर्ष. व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट लावायचा आणि ते टप्प्याटप्प्याने, काही तास घेत, चढवत न्यायचं. काम अवघड नाही. पण रात्री दोन वाजता, उत्पादन थांबलेलं असताना, काही तास थांबा असं म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. ते काम आधीच, एखाद्या निवांत मंगळवारी, व्हायला हवं होतं.

उष्णतेचा हिशेब ढोबळ आहे पण पक्का. तापमान १० अंशांनी चढलं की अशा कपॅसिटरची झीज जवळपास दुप्पट होते. म्हणजे २५ अंशांच्या खोलीपेक्षा ४५ अंशांच्या शेडमध्ये चौपट. थंड खोलीतलं एक वर्ष आणि पत्र्याखालचे तीन महिने, सारखेच. नागपुरात वर्षभर ४५ नसतं, हे खरं. पण मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत वरच्या कप्प्याच्या वाट्याला काय येतं ते बघायला दोनशे रुपयांचं तापमापक तिथे टांगून ठेवावं. फार थोड्या स्टोअर्समध्ये ते असतं, आणि असलं तर स्टोअरकीपरच्या टेबलाजवळ असतं, कूलरसमोर.

कूलरचा विषय निघालाच आहे तर जरा मागे जायला हवं. नागपूरच्या हवेशी यंत्रांचं भांडण जुनं आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं आणि तुटतं, म्हणून गिरणीत हवा दमट करणारी यंत्रं बसवली गेली. अशी यंत्रं देशात आधी बसवणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेसचं नाव घेतात. गिरणी २००२ साली बंद झाली, हवा तीच आहे. सुताला ती ओली हवी होती. इलेक्ट्रॉनिक्सला मधली हवी, ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता असली तर उत्तम. नागपुरात असे दिवस फार थोडे. मेच्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घुटमळते आणि ऑगस्टच्या सकाळी ऐंशीच्या वर जाते.

कोरड्या दिवसांचा धोका दिसत नाही. गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर कोरड्या हवेत ३५ हजार व्होल्टपर्यंत स्थिर वीज साठू शकते. दमट हवेत तोच आकडा दीड हजारावर उतरतो. माणसाला झटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. काही चिप शंभर व्होल्टच्या आतच मार खातात. म्हणजे हात लावणाऱ्याला कळतही नाही आणि कार्ड जायबंदी होतं. मेलं तर निदान कळतं तरी. अर्धमेलं झालं तर ते चाचणीत पास होतं आणि सहा महिन्यांनी पॅनेलमध्ये दगा देतं. यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो, मनगटाला पट्टा, टेबलावर अर्थिंगची चटई. पण आपल्याकडे कार्ड येतं ते थर्माकोलमध्ये, आणि वरून चिकटपट्टी. थर्माकोल आणि खस्सकन ओढलेली चिकटपट्टी, स्थिर वीज तयार करण्यात यांच्यासारखं दुसरं काही नाही. गुलाबी पिशवीवरही लोक फार विसंबतात. ती स्वतः वीज तयार करत नाही, इतकंच; बाहेरचा झटका अडवायला रुपेरी पिशवी लागते. आणि ती रुपेरी पिशवी दर मार्चमध्ये स्टॉक मोजणीवाले उघडतात, कार्ड बाहेर काढून नंबर वाचतात आणि पिशवीचं तोंड बंद न करता परत ठेवतात. सीरियल नंबर पिशवीच्या बाहेर चिकटवला तर हा सगळा प्रकार वाचेल. पैसा लागत नाही, तरी होत नाही.

आता कूलर. एप्रिलमध्ये स्टोअर तापतं, माणसं वैतागतात, खिडकीत वाळ्याचा किंवा लाकडाच्या किसाचा कूलर बसतो. माणसांसाठी तो देवदूत आहे, नागपुरात त्याच्याबद्दल वाकडं बोलणाऱ्याला वाळीत टाकतील. पण कूलर हवा थंड करतो ती तिच्यात पाणी मिसळून. टाकीतलं पाणी क्षारांचं असलं की तुषारांबरोबर क्षारही उडतात. ज्या कोपऱ्यात कूलरचा झोत पोहोचतो तिथल्या कनेक्टरच्या पितळी पायांवर दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरट बुरा धरतो. स्टोअरमध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी एक बंद खोली आणि तिला एसी, हा सरळ उपाय. तो मंजूर करून घेणं सरळ नाही. माणसांना कूलर आणि कार्डांना एसी, हे कागदावर लिहायला कोणता अधिकारी तयार होईल?

एसी मिळाला तरी पावसाळ्यात एक खोच उरते. २२ अंशांच्या खोलीतून कार्ड काढून थेट जुलैच्या दमट शेडमध्ये नेलं आणि लगेच पिशवी फोडली, तर त्याच्यावर दव धरतं. बंद पिशवीतच दोन-तीन तास बाहेरच्या हवेत ठेवून मग उघडायचं. खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांचंही तसंच. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायलेलं असतं. भट्टीत साधारण १२० अंशांवर काही तास तापवले की पुन्हा निळे होतात. आपल्याकडे ते गुलाबी होऊन वर्षानुवर्षं तसेच पडलेले दिसतात. आतला फोमही पाहून घ्यावा. जुना फोम दहाएक वर्षांनी भुगा होतो, चिकट भुगा, आणि तो कार्डावरून पुसून निघत नाही.

कोळशाच्या शेजारी असलेल्या स्टोअरला आणखी एक शत्रू असतो, गंधकाचे वायू. देवघरातली चांदीची निरांजनं ज्या कारणाने काळवंडतात त्याच कारणाने रिलेचे चांदीचे संपर्कबिंदू काळे पडतात. हवा कितपत वाईट आहे हे मोजायची एक स्वस्त रीत जगभर वापरतात. तांब्याची स्वच्छ पट्टी महिनाभर टांगून ठेवायची आणि तिच्यावर चढलेला थर मोजायचा. थर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत राहिला तर हवा इलेक्ट्रॉनिक्सला सोसवते. पट्टीला खर्च नगण्य, मोजणीला प्रयोगशाळा लागते.

इथवर कार्डाच्या शरीराची गोष्ट झाली. पण नियंत्रण यंत्रणेचं सुटं कार्ड म्हणजे मोटारीचा प्लग नव्हे, की बसवला आणि चालला. जुन्या पीएलसीमध्ये, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकामध्ये, प्रोग्रॅम रॅममध्ये असायचा आणि छोट्या लिथियम सेलवर जगायचा. तो सेल पीएलसी चालू असतानाच बदलायचा असतो. वीज बंद करून सेल काढला की प्रोग्रॅम पुसला जातो, मग कार्ड नवं असो की जुनं, त्याला काय करायचं हे ठाऊकच नसतं. त्यामुळे साठवायच्या वस्तूंची यादी कार्डापाशी संपत नाही. प्रोग्रॅमची शेवटची प्रत हवी, ती वाचणारं सॉफ्टवेअर हवं, ते सॉफ्टवेअर ज्यावर चालतं तो सीरियल पोर्टवाला जुना लॅपटॉप हवा, त्याची खास केबल हवी. कार्डावरचे छोटे डिप स्विच कोणत्या स्थितीत होते त्याचा फोटो हवा. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने २०१४च्या एप्रिलमध्ये रामराम केला, पण तिच्यावर चालणारे कितीतरी लॅपटॉप अजून कपाटात जपून ठेवलेले असतात, आणि त्यांचा पासवर्ड निवृत्त झालेल्या एका माणसाला पाठ असतो. त्याचा फोन नंबर हाही एक स्पेअरच. त्याची मात्र कुठे नोंद नसते.

मग येतात हिशेबाचे लोक. स्टोअरमधल्या मालाचे ते तीन वर्ग करतात: भरभर हलणारा, हळू हलणारा आणि न हलणारा. काही वर्षांत एकदाही मागणी आली नाही की वस्तू तिसऱ्या यादीत जाते आणि ऑडिटचा शेरा येतो, एवढा पैसा का अडकवून ठेवलाय? इंजिनिअर त्याच वस्तूला ‘इन्शुरन्स स्पेअर’ म्हणतो. दोघांचं भांडण मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे आणि माझा कल इंजिनिअरकडे आहे, पण पूर्ण नाही. जिन्यातलं अग्निशमन नळकांडं दहा वर्षांत वापरलं नाही म्हणून कुणी विकायला काढत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर. पण त्या नळकांड्याला तपासणीच्या तारखेची चिठ्ठी असते. कार्डाला नसते. ऑडिटरने ‘हे का ठेवलंय’ विचारण्याऐवजी ‘हे शेवटचं कधी चालवून पाहिलं’ असं विचारलं, तर इंजिनिअरच्या तोंडचं पाणी पळेल. गंमत म्हणजे लेखा-मानकं या बाबतीत पुढे आहेत. इंड-एएस १६ प्रमाणे एका वर्षाहून जास्त काळ उपयोगी पडणारा मोठा सुटा भाग मालमत्तेत धरून त्याचा घसारा काढता येतो. म्हणजे रॅकवरचं कार्ड म्हातारं होतं हे वहीला मान्य आहे. स्टोअरला अजून नाही.

जास्त घेऊन ठेवावं, तर ते सडतं. न ठेवावं, तर पुढे मिळत नाही. सीमेन्सची एस-५ ही पीएलसींची मालिका १९७९मध्ये आली. तिच्यानंतरची एस-७-३०० तर आपल्याकडच्या बऱ्याच वसाहतींत अजून धडधडते आहे. तिचं नियमित उत्पादन १ ऑक्टोबर २०२३ पासून गुंडाळायला सुरुवात झाली आणि सुटे भाग पुढे दहा वर्षं, म्हणजे २०३३पर्यंत मिळतील. ॲलन-ब्रॅडलीची पीएलसी-५ १९८६ ते २०१७ अशी जगली. देशातल्या अनेक औष्णिक केंद्रांना नियंत्रण यंत्रणा पुरवणारी कोट्याची इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड ही सरकारी कंपनी १९६४ साली निघाली, आणि २०१६ मध्ये केंद्राने कोट्याचा कारखाना बंद करायचं ठरवलं. बॉयलर पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने बांधतात. त्याचा मेंदू मात्र मध्येच वारसाशिवाय उरतो. २०२१ साली तर चालू मालिकांचेही वांधे झाले. करोनाने साखळी आधीच विस्कटली होती, त्यात १९ मार्चला जपानमधल्या रेनेसासच्या नाका कारखान्याला आग लागली, आणि काही आठवड्यांत मिळणारी पीएलसी मिळायला कित्येक महिने लागू लागले. त्या वर्षी ‘न हलणारा माल’ एकाएकी हलला.

अशा वेळी लोक जुन्या बाजाराकडे वळतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं लजपतराय मार्केट, आणि नागपुरातही कार्ड दुरुस्त करणारे कसबी लोक आहेत. इथे चिपवरचा चार आकडी तारीख-कोड वाचता आला पाहिजे: ०८२७ म्हणजे २००८ सालचा सत्ताविसावा आठवडा. ‘नवं’ म्हणून विकलेल्या कार्डावर तीन चिपचे तीन वेगवेगळ्या दशकांतले कोड दिसले, तर ते कार्ड कितव्या जन्मात आहे ते ओळखावं. जुना कोड घासून नवा छापण्याचाही धंदा आहे. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर कधी कधी तो उघडा पडतो.

आणि या बाजारात माल येतो कुठून? बराचसा आपल्याच कारखान्यांतून. जुनी यंत्रणा निघते, तिच्याबरोबर तिचं स्पेअरचं कपाटही निघतं आणि भंगार लिलावात वजनावर जातं. दोन वर्षांनी तशीच यंत्रणा चालवणारा दुसरा कारखाना त्यातलंच एखादं कार्ड नगावर, हजारोंना विकत घेतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी हा रस्ता थोडा आवळला आहे. असा माल आता नोंदणीकृत संस्थेकडेच जायला हवा. त्या नियमांत फक्त चुरा करणारे नाहीत, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारेही आहेत, त्यांचीही नोंदणी होते. त्यामुळे लिलावाच्या यादीत ‘इलेक्ट्रॉनिक भंगार, अमुक किलो’ असं लिहिण्याआधी कपाटातल्या कार्डांचे नंबर टिपून एकाच कंपनीच्या बाकीच्या केंद्रांना पाठवायला काहीच हरकत नाही. कोराडी आणि खापरखेडा तर एकमेकांच्या शेजारीच आहेत, आणि ती दोन्ही जिची आहेत त्या महानिर्मिती कंपनीची चंद्रपूर, परळी, भुसावळ, नाशिक ही केंद्रंही काही परदेशात नाहीत. यादी पाठवताना कार्डाच्या कडेला छापलेली आवृत्ती आणि फर्मवेअरचा क्रमांकही लिहावा. नाव तेच, आकार तोच, पण आवृत्ती एका अक्षराने वेगळी असली, तर कार्ड खाचेत नीट बसतं, दिवाही लागतो, आणि कंट्रोलर त्याला ओळख दाखवत नाही.